भिंतीचा आवाज

काशीच्या पंचगंगा घाटावरून मंगला गौरीच्या देवळाकडे चढू लागले म्हणजे वाट अरुंद होत जाते, दोन्ही अंगांच्या भिंती जवळ येतात, आणि बाहेर ऊन तापलेले असले तरी गल्लीत तळघरातल्यासारखा गारवा लागतो. आषाढाच्या आरंभी, गंगेला पूर येण्यापूर्वी, मी मातुःश्रींना घेऊन तेथे गेलो होतो. लग्नानंतर पाच वर्षे त्यांनी श्रावणातल्या मंगळागौरी पूजिल्या. त्या देवीचे स्थान एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा होती. देवळाच्या आवारातच गभस्तीश्वर आणि मयूखादित्य आहेत. मातुःश्रींचे दर्शन सावकाश चालले होते, म्हणून मी बाहेर येऊन शेजारच्या एका घराच्या देवडीत टेकलो.

त्या देवडीत एक वृद्ध गवंडी भिंत ठोकीत होता. हातोडी लहानशी, ठोकाही हलकाच. पण प्रत्येक ठोक्यानंतर तो क्षणभर थांबे, कान भिंतीजवळ नेई, आणि वीतभर पुढे सरके. मधूनच गेरूने एक खूण करी. मी विचारले, तेव्हा त्याने मला दोन ठिकाणी ठोकून दाखविले. एके ठिकाणी खणखणीत आवाज आला, दुसऱ्या ठिकाणी बद्द. पहिल्या जागी दगड आतल्या चुन्याला धरून होता; दुसऱ्या जागी तो आतून सुटला होता, वरून मात्र दोहोंत काडीचा फरक दिसत नव्हता.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, असे आपण म्हणाल. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या घरची वडीलधारी बाई ते बोटाने वाजवून घेतेच. गाडी स्थानकात थांबली म्हणजे लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकीत जाणारा रेल्वेचा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वैद्यकातही हीच युक्ती आहे. रोग्याच्या छातीवर बोटाने ठोकून आतली स्थिती ओळखण्याची पद्धत ज्या लिओपोल्ड आउएनब्रुगरने व्हिएन्नाहून १७६१ मध्ये प्रसिद्ध केली, तो खाणावळ चालविणाऱ्याचा मुलगा होता. पिंपात द्रव कोठवर आहे हे ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली असावी, असे सांगतात. पुढे १८१६ मध्ये फ्रान्सच्या लाएनेकने छातीला नळी लावली, आणि ठोकणाऱ्या हाताला ऐकणारा कान मिळाला. ठोकणे म्हणजे शरीराला प्रश्न विचारणे, आणि नळी लावणे म्हणजे ते आपण होऊन काय बोलते ते ऐकणे. भिंतींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आज शास्त्रीय रीतीने करता येतात. त्यांपैकी दुसरीविषयी आज मला विशेष सांगावयाचे आहे, कारण तिचा संबंध मी ज्या कामात उमेदीची वर्षे घालविली त्या कामाशी आहे.

मी स्थापत्यशास्त्री नव्हे. कागदांवर सह्या करणारा एक सरकारी नोकर आहे. नोकरीच्या आरंभी एका जिल्ह्याच्या गावी माझ्याकडे पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांची यादी करण्याचे काम आले. त्या यादीत एक जुना तीन चौकी वाडा होता. दगडी जोते, वर भाजलेल्या विटांची जाड भिंत, आत अकरा बिऱ्हाडे. एका भिंतीला तडा होता. तडा जुना की चालता, हे ओळखण्याची आमची रीत अशी, की त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चुन्यात बसवावयाची. तडा रुंदावला तर काच फुटते. चार महिने काच फुटली नाही. अभियंत्याने तसा शेरा लिहिला, आणि मी त्याखाली 'निरीक्षणाखाली ठेवावे' असे लिहून सही केली. श्रावणात एका रात्री ती भिंत पडली. एका भाडेकरूची आई त्यात गेली. सकाळी मी तेथे गेलो, तेव्हा भिंतीच्या उभ्या राहिलेल्या तुकड्यावर ती काच होती, आणि ती धड होती.

काच खोटे बोलली नव्हती. तिला जे विचारले होते त्याचेच उत्तर तिने दिले होते. हे मला पुष्कळ वर्षांनी, या विषयावरील वाचन करताना कळले. आपल्या जुन्या इमारतींची जाड भिंत ही एक भिंत नसते. दोन पातळ भिंती आणि त्यांच्यामध्ये घातलेली भर, अशी तिची रचना असते. बाहेरच्या दोन्ही मुखांना नीट घडविलेले चिरे किंवा विटा, आणि पोटात दगडगोटे, खापऱ्या, चुना, कोठे कोठे नुसती माती. पहिल्या शेदोनशे वर्षांत ही भर हळूहळू खचते, पाण्याने चुना झिरपून जातो, आणि भरीने उचलावयाचा भार मुखांवर येऊन पडतो. मुखे पातळ, ती बाहेरच्या बाजूस फुगू लागतात. गवंडी यालाच भिंतीला पोट आले असे म्हणतात. मुख आणि भर यांच्यामध्ये आतल्या आत उभी फट पडत जाते. ती बाहेरून दिसत नाही, तिच्यावर काच बसविता येत नाही. आमची काच होती ती बाहेरच्या, जुन्या आणि खरोखरच निरुपद्रवी तड्यावर.

यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही, की एवढे घडत असताना भिंतीवरचा भार वाढलेला नसतो. सामान्य समज असा, की जी भिंत काल उभी होती ती आज अधिक भार पडल्याशिवाय कशी पडेल? परंतु ज्या भाराने भिंत तत्काळ मोडेल त्याहून पुष्कळ कमी भार तिच्यावर वर्षानुवर्षे राहिला, तर तीही अतिशय मंद गतीने मोडत असते. इटलीतील पाविआ येथील नगरमनोरा याचे उदाहरण म्हणून नेहमी दिला जातो. अकराव्या शतकात आरंभिलेला, सुमारे साठ मीटर उंचीचा. सोळाव्या शतकात त्याच्या माथ्यावर दगडी घंटाघराची भर पडली, आणि पुढली चारशे वर्षे तो भार तेथे निमूटपणे उभा राहिला. १७ मार्च १९८९ रोजी सकाळी तो काही क्षणांत कोसळला. चौघे मृत्युमुखी पडले. भूकंप नव्हता, स्फोट नव्हता. मिलानच्या लुइजिया बिंदा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवशेषांतील बांधकामाचे तुकडे तपासून दाखवून दिले, की दीर्घकाळच्या भाराने हा मनोरा आतून फाटत आला होता. या घटनेनंतर दहा महिन्यांच्या आत पिसाचा प्रसिद्ध मनोरा लोकांना बंद करण्यात आला. पिसाचा मनोरा कलता आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होते; पाविआच्या मनोऱ्याची मात्र कोणाला शंकाही आली नव्हती.

मंगला गौरीच्या परिसरात उभे राहिले असता हे सारे आठवणे अपरिहार्य आहे. देवळापासून हाकेच्या अंतरावर, पंचगंगा घाटाच्या माथ्यावर, सतराव्या शतकात बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराच्या जागी औरंगजेबाने बांधविलेली मशीद आहे. काशीची जुनी चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना तिचे दोन सडपातळ, उत्तुंग मनोरे आठवतील. लोक त्यांना 'माधवराव का धरहरा' म्हणत. मराठी यात्रेकरूला त्यात पेशव्याचा भास होतो, पण हा माधव म्हणजे बिंदुमाधवच. पुढे ब्राह्मी लिपी उलगडून कीर्ती मिळविणारा जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत नोकरीस होता. त्याने या मनोऱ्यांची दुरुस्ती केली होती. १९४८ च्या पुराच्या वेळी त्यांपैकी एक मनोरा कोसळला आणि काही माणसे दगावली. मग दुसराही मनोरा सरकारने उतरवून टाकला. आज मशिदीचे घुमट दिसतात, मनोरे दिसत नाहीत.

त्याच काठाने मणिकर्णिकेकडे गेले, की सिंधिया घाटाखाली रत्नेश्वराचे मंदिर दिसते. ते इतके कललेले आहे की प्रथम पाहणारा दचकतो. तेथे बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला घाट स्वतःच्याच वजनाने खचला होता. मंदिर मात्र कललेल्या स्थितीतच उभे आहे, पावसाळ्यात अर्धेअधिक पाण्याखाली जाते आणि शरद ऋतूत पुन्हा वर येते. एवढा कल असून ते उभे राहते आणि पाविआचा मनोरा पडतो, यावरून डोळ्यांच्या साक्षीला या प्रकरणात किती किंमत द्यावी ते ठरवावे.

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा तर मराठी माणसांचा भाग. नाना फडणिसांपासून कितीतरी मराठी मंडळींनी येथे घाट आणि वाडे बांधविले. पंचगंगेवरचा हजार दिव्यांचा दगडी स्तंभ अहल्याबाई होळकरांचा म्हणून दाखवितात. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधकरांनी उभारविलेले. भिंती चुनारच्या वालुकाश्माच्या आणि पातळ लखौरी विटांच्या. गंगेचे पाणी उन्हाळ्यापासून पुरापर्यंत दहा-बारा मीटर सहज चढते. ९ सप्टेंबर १९७८ रोजी ते ७३.९०१ मीटर या पातळीला गेले होते, आणि धोक्याची रेषा ७१.२६२ मीटरची आहे. पाणी चढताना पायातली माती भिजते, उतरताना भिजल्या मातीतून बाहेर ओढले जाते. प्रत्येक वर्षी हा खेळ एकदा होतो. नदीपासून दूर, विश्वनाथाच्या शेजारच्या गल्लीतही, ६ ऑगस्ट २०२४ रोजी दोन जुनी घरे पडली आणि एका स्त्रीचा जीव गेला.

आता या भिंती बोलतात म्हणजे काय होते, ते पाहू. दगड किंवा चुना जेथे नव्याने फाटतो तेथे साठलेली शक्ती एकदम मोकळी होते, आणि तिचा थोडा अंश लहरींच्या रूपाने चोहीकडे पसरतो. कोरडी काडी मोडताना जो 'कट्' असा आवाज येतो, तोच हा आवाज. फरक इतकाच, की भिंतीत फाटणारी रेघ केसाहून बारीक असते, आणि तिचा आवाज आपल्या कानांच्या कक्षेबाहेरचा. माणसाचा कान सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू शकतो. भिंतीची ही कुजबुज पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या कंपनांची असते. ती टिपण्यासाठी विशिष्ट स्फटिकांचा उपयोग करतात. दाब पडला की त्यांच्यात वीज उत्पन्न होते, हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. गॅसची शेगडी पेटविण्याचा लायटर याच गुणावर चालतो. असा रुपयाएवढा स्फटिक डबीत बसवून ती डबी भिंतीला चिकटवितात. आत कोठे कट् झाले, की तारेतून क्षीण विद्युत्-स्पंद येतो आणि त्याची वेळ व तीव्रता नोंदली जाते. एकाऐवजी पाचसहा डब्या निरनिराळ्या जागी लावल्या, तर लहर कोणापाशी किती आधी पोहोचली यावरून फाटण्याची जागाही काढता येते.

ही कल्पना प्रथम भिंतींसाठी निघाली नाही. खाणीतले लाकडी आधार आणि खडक पडण्यापूर्वी कुरकुरतात, हे खाणकामगार पूर्वापार जाणून होते. १९३८ च्या सुमारास अमेरिकेच्या खाणखात्यातील लिओनार्ड ओबर्ट हा खडकातून लहरी किती वेगाने जातात ते मोजीत असता, आपण काही न करताच यंत्रात आवाज येत आहेत असे त्याच्या ध्यानात आले. आरंभी तो यंत्राचा दोष वाटला. होता तो खडकाचा आवाज. आपल्याकडे कोलारच्या खोल खाणींतही खडक फुटण्याच्या आपत्ती सोसल्यानंतर असेच कंपनांचे जाळे बसविण्यात आले होते. पुढे म्यूनिकच्या योसेफ कायझरने १९५० मध्ये एक मार्मिक गोष्ट दाखविली. एखाद्या पदार्थाने पूर्वी जेवढा भार एकदा सोसला असेल, तेवढा भार पुन्हा चढेपर्यंत तो गप्प राहतो. त्या मर्यादेपलीकडे गेला की बोलू लागतो. जणू त्याला आपल्या गतदुःखाची सीमा स्मरते. म्हणून जुनी भिंत नेहमीच्या भाराखाली मौन पाळील, तर ते मौन शुभ मानावे. भार तोच असून ती बोलू लागली, तर मात्र तिच्यात काही बदलले आहे.

परंतु एकदा कान लावून हे कळत नाही. सर्वच जुन्या भिंती थोडेफार बोलतात. ऊन चढते, विटा फुगतात, रात्री आक्रसतात, आणि त्यातही आवाज होतात. काशीत तर विचारूच नका. घंटा, नावांची यंत्रे, दिवसभराची पावले; शिवाय तारा ओढून पाहणारी माकडे! यांतील बराचसा गलबला खालच्या कंपनांचा असल्याने गाळून टाकता येतो, पण सगळा नव्हे. म्हणून नोंद दीर्घकाळ ठेवावी लागते. काशीसारख्या ठिकाणी निदान एक उन्हाळा, एक पूर आणि पूर ओसरल्यानंतरचे दोन महिने तरी. मग पाहावयाचे ते आवाज किती आले हे नव्हे, तर त्यांची गती वाढते आहे का हे. नव्याने भार पडलेली भिंत आरंभी पुष्कळ बोलते आणि मग शांत होत जाते. मधला काळ, कधी शतकानुशतकांचा, ती संथपणे अधूनमधून बोलते. आणि शेवटच्या टप्प्यात बोलणे वाढतच जाते. बेल्जियममध्ये २००६ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने झिखेमचा जुना बुरूज आणि मेल्डर्टच्या चर्चचा मनोरा असे दोन ढासळले. लूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी बांधकामाचे नमुने महिनोन्महिने भाराखाली ठेवून आणि त्यांचे आवाज मोजून या तीन टप्प्यांचा अभ्यास केला.

आणखी एक खूण आहे, आणि ती भूकंपशास्त्राकडून आली. गुटेनबर्ग आणि रिक्टर यांनी १९४४ मध्ये दाखविले, की भूकंपांत लहान धक्के पुष्कळ आणि मोठे थोडे, यांचे प्रमाण ठरावीक नियमाने चालते. भिंतीतल्या आवाजांनाही तोच नियम लावता येतो. बारीक फटी विखुरलेल्या असतात तोवर लहान आवाजांचेच राज्य असते. फटी एकमेकींना मिळून मोठी फट होऊ लागली, म्हणजे मोठ्या आवाजांचा वाटा वाढतो. तोरिनोचे कार्पिन्तेरी आणि लाचिदोन्या यांनी इटलीतील कित्येक जुन्या मनोऱ्यांवर हीच गणना केली. बोलोन्याच्या ९७ मीटर उंच आसिनेल्ली मनोऱ्यावर त्यांनी २०१० च्या सप्टेंबरापासून चार महिने कान लावला होता.

ठोकून विचारण्याची रीतही यासोबत वापरतात. चांगल्या सलग दगडातून ध्वनी सेकंदाला तीन ते पाच हजार मीटर जातो, हवेतून जेमतेम साडेतीनशे. पोकळ, फाटलेल्या भिंतीत त्याला वळसे घालावे लागतात आणि तो उशिरा पोहोचतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने आपल्या दगडी धरणांच्या पोटातली स्थिती अशाच लहरींनी तपासली आहे.

बोलोन्यातच आसिनेल्लीच्या पायाशी गारिसेन्दा नावाचा दुसरा, ठेंगणा मनोरा आहे. आज तो सुमारे ४८ मीटर उंच आहे. चौदाव्या शतकातच भीतीपोटी त्याचा माथा उतरविण्यात आला होता. त्याची रचना आपल्या वाड्यांच्या भिंतींसारखीच, दोन मुखे आणि मध्ये भर. पायथ्याचा दगड झिजून चिरडू लागल्याची चिन्हे मोजमापांत दिसू लागली, तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरात नगरपालिकेने त्याच्याभोवतीचा चौक बंद केला, ध्वनी टिपणारी यंत्रेही बसविली, आणि मग ढिगारा अडविण्यासाठी भोवती धातूचे कुंपण घातले. भर शहरातला रस्ता, दुकाने, वाहतूक. व्यापाऱ्यांनी कुरकूर केलीच असणार. परंतु ज्याने तो हुकूम काढला त्याच्या हातात निदान एक वाढत जाणारी रेषा होती. माझ्या हातात धड राहिलेली काच होती.

मी हे यंत्रांची स्तुती म्हणून सांगत नाही. अकरा बिऱ्हाडांना पावसाळ्याच्या तोंडी घराबाहेर काढणे ही सहज करावयाची गोष्ट नव्हे. त्यांना दुसरे घर नसते, आणि एकदा वाडा सोडला की तो पुन्हा मिळण्याची खात्री नसते. म्हणून धोका दाखविणाऱ्या माणसाचा त्यांना संशय येतो, आणि पुष्कळदा तो संशय निराधार नसतो. घर रिकामे व्हावे अशी इच्छा असलेल्या मालकाला मोडकी भिंत सोयीची असते. अशा वेळी अधिकाऱ्याजवळ केवळ आपले मत असेल, तर तो दोन्हीकडून भितो आणि 'निरीक्षणाखाली ठेवावे' असे लिहितो. या शब्दांचा अर्थ त्या फायलीत काय होता? कोणी, किती दिवसांनी, काय पाहावे, यांपैकी काहीच तिच्यात नव्हते. निरीक्षण म्हणजे दोन वेळांची तुलना. आणि आम्ही एकाच वेळी पाहिले होते, तेही बाहेरून.

असो. मातुःश्री दर्शन घेऊन बाहेर आल्या, ओटीचा प्रसाद पदरात होता. मी उठलो. जाण्यापूर्वी गवंड्याला विचारले, की या गेरूच्या खुणांचे पुढे काय करणार. त्याने मला भिंतीच्या अगदी जवळ बोलाविले. आजच्या तांबड्या खुणांच्या आत फिकट, जवळजवळ पुसलेल्या खुणांचे एक वर्तुळ होते. ते त्याचे गेल्या आषाढातले. आजचे वर्तुळ त्याच्याहून चहूकडून चार बोटे मोठे आले होते. त्याने घरधन्याला हाक मारली, दोन्ही वर्तुळे दाखविली, आणि पुराचे पाणी चढण्याआधी त्या खोलीतले अंथरूण दुसरीकडे हलवा असे सांगितले. कार्तिकात पाणी उतरल्यावर तो पुन्हा येऊन ठोकणार होता.